उतरायला येणारी दोन विमानं ठरलेल्यापेक्षा जवळ येतात, ते होतं कसं?

प्रश्न असा होता की उतरायच्या तयारीतली दोन प्रवासी विमानं ठरलेल्या अंतरापेक्षा जवळ आली अशी बातमी वाचली, कंट्रोलरला रडारवर सगळं दिसत असतं, विमानात धडक टाळणारी यंत्रणा असते, मग हे होतंच कसं आणि आत बसलेल्या माणसाने किती घाबरायचं. मी अप्रोच रडारवर, म्हणजे विमानतळाकडे उतरायला येणारी विमानं रडारवर बघून त्यांना सूचना देण्याच्या कामावर, बरीच वर्षं काढलीत, त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आधी नियम. अप्रोचच्या भागात दोन विमानांमध्ये आडवं ३ नॉटिकल मैल अंतर हवं, म्हणजे साधारण साडेपाच किलोमीटर, नाहीतर उभं १,००० फूट. दोन्हीपैकी एक असलं की झालं. वरच्या लांबच्या प्रवासात ३ च्या जागी बहुतेक ठिकाणी ५ मैल असतात. आता समजा ३ मैल हवे होते आणि २.८ झाले आणि त्याच क्षणी उंचीतला फरक ९०० फूट होता, तर कागदोपत्री सेपरेशन (म्हणजे हे ठरलेलं अंतर) गेलं. रिपोर्ट होणार, कंट्रोलरला पोझिशनवरून, म्हणजे त्याच्या रडारच्या जागेवरून, उठवणार, टेप ऐकल्या जाणार. विमानातल्या कुणाला मात्र पत्ताही लागणार नाही. त्यामुळे 'चमत्काराने बचावले' छापाचे मथळे वाचले की आमचं डोकं फिरतं, कारण त्याच मथळ्याखाली कधी अशी २.८ मैलवाली केस असते आणि कधी खरोखर अंगावर काटा येईल अशी, आणि वाचणाऱ्याला फरक कळायला काही मार्ग नसतो.

मी स्वतः बातमीतला अंतराचा आकडा सगळ्यात शेवटी बघतो. आधी बघतो की विमानं एकमेकांकडे येत होती का लांब जात होती, किती वेगाने, आणि हे असं होतंय हे त्या वेळी कुणाला तरी माहीत होतं का. एकाच फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या सरळ रेषेतल्या शेवटच्या टप्प्यावर, एकामागोमाग सारख्या वेगाने चाललेली दोन विमानं २.६ मैलांवर असली तर ती चूक आहेच पण आटोक्यातली आहे. तेच २.६ मैल समोरासमोर येणाऱ्या दोन विमानांत असले तर गोष्ट पूर्ण वेगळी. हिशोब करून बघा. धावपट्टीच्या दोन बाजूंनी दोन विमानं बेस लेगवर, म्हणजे फायनलच्या रेषेकडे आडवं येण्याच्या टप्प्यावर, येतायत, दोन्हींचा वेग २१० नॉट (तासाला तेवढे नॉटिकल मैल), म्हणजे एकमेकांकडे ४२० नॉट, म्हणजे मिनिटाला ७ मैल. ३ मैल संपायला २६ सेकंदसुद्धा लागत नाहीत. आता कंट्रोलरची बाजू बघा. अप्रोच रडारचा अँटेना एक फेरी मारायला चार-पाच सेकंद घेतो, तेवढ्या वेळाने स्क्रीनवरचा ठिपका पुढे सरकतो. मला काहीतरी चुकतंय हे कळायला दोन फेऱ्या. मग मी वळण सांगणार, त्याला चार-पाच सेकंद. पायलट ते परत म्हणून दाखवणार, तेवढेच. तो नॉब फिरवणार, विमान कलणार, वळायला लागणार, आणि ते वळलंय हे मला दिसायला आणखी दोन फेऱ्या. पंचवीस-तीस सेकंद कुठे गेले कळतही नाही. म्हणून आमच्यात असं मानतात की सेपरेशन हे स्क्रीनवरचं विमानाचं लेबल (ठिपक्याजवळची नाव-उंचीची पट्टी) लाल होतं तेव्हा जात नाही, ते एक-दीड मिनिट आधीच गेलेलं असतं, लाल रंग फक्त पावती देतो.

हे आधीच जाणं म्हणजे काय ते सगळ्यात चांगलं दिसतं फायनलवर. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की रांगेत लावलं की संपलं. पण ती रांग शेवटी शेवटी आपोआप आखडत जाते, कारण पुढचं विमान आधी स्लो होतं. समजा दोघांना धावपट्टीपासून ४ मैलांपर्यंत १६० नॉट ठेवायला सांगितलंय. पुढचा ४ मैलांवर पोचला आणि त्याने आपला लँडिंगचा वेग घेतला, समजा १३०. मागचा तेव्हा ८ मैलांवर आहे आणि अजून १६० नेच येतोय. पुढच्याला उरलेले ४ मैल कापायला जवळपास १ मिनिट ५० सेकंद लागतात, तेवढ्यात मागचा जवळजवळ ५ मैल येतो. म्हणजे तुम्ही ४ मैलांची गॅप दिली होती ती पुढचा टेकताना ३ च्या जरा वर उरली. बरोबर बसलं. पण कुणी घाईत ३.२ ची गॅप दिली, त्या क्षणी ती कायदेशीर होती, कुणी बोट ठेवू शकत नाही, तरी पुढच्या दोन मिनिटांत ती ३ च्या खाली, २.६ च्या आसपास जाणार हे ठरलेलंच आहे. (काही विमानतळांवर अटी पाळून फायनलवर अडीच मैल चालतात, पण मग तिथेही खेळ तोच, फक्त आकडा वेगळा.) तिथून पुढे मग एकच उपाय उरतो, मागच्याला गो-अराउंड, म्हणजे न उतरता परत वर.

त्यात वारा. ४,००० फुटांवर वारा ४० नॉटचा आणि जमिनीवर १०-१५, हे रोजचंच. एक विमान फायनलवर वळलं की वारा तोंडावर येतो, त्याचा जमिनीच्या हिशोबाने वेग एकदम पडतो. मागचं अजून डाउनविंडला, म्हणजे धावपट्टीला समांतर उलट्या दिशेने चाललेलं आहे, त्याला वारा मागून ढकलतोय. दोघांच्या स्पीडोमीटरवर आकडा एकच आणि स्क्रीनवर मात्र एक १५० ने चाललंय आणि दुसरं २३० ने. नवीन कंट्रोलर दोघांना सारखा स्पीड देऊन निवांत होतो आणि मग गॅप कुठे गेली म्हणून बघत बसतो. बरं, मागच्याला ऐनवेळी स्लो करायचं म्हटलं तर तो अजून उंचावर असतो. जेट विमान खाली पण लवकर या आणि स्लो पण व्हा हे एकदम करू शकत नाही, पंखांखालचं इंजिन आयडलला असलं तरी उतारावर वेग पडत नाही. पायलट लोक स्पष्टच सांगतात, दोन्हीपैकी एक काय ते मागा. स्पीड ब्रेक असतात पण त्यांनाही मर्यादा आहे. म्हणून चांगला अप्रोच कंट्रोलर वेग ३०-४० मैल आधीपासून बांधत आणतो, आणि वाईट दिवशी ५ मैलांवर बांधायला जातो.

इथेच वेक टर्ब्युलन्सचं सांगून टाकतो. मोठ्या विमानाच्या पंखांच्या टोकांवरून हवेचे भोवरे सुटतात आणि हळूहळू खाली बसत जातात. म्हणून हेवी विमानामागे मध्यम विमान असेल तर ३ नाही ५ मैल लागतात, आणि एअरबस ए३८० मागे ७. हे अंतर गेलं तर धडकेची भीती नसते, मागचं विमान अचानक एका बाजूला कलंडायची असते, आणि फायनलवर जमीन इतकी जवळ असते की सावरायला उंचीच नसते. बातमीत याला कुणी विचारत नाही, मला विचाराल तर काही काही धडकेच्या बातम्यांपेक्षा हे जास्त वाईट.

आता उभं सेपरेशन. १,००० फूट म्हणजे पक्कं वाटतं, पण विमानं खाली येत असताना हे १,००० फूट हलते असतात. एक उदाहरण देतो, हे शिकवताना हमखास द्यावं लागतं. खालचं विमान ७,००० वर, वरचं ८,००० वर, आडवं अंतर दोनच मैल. खालच्याला सांगितलं ४,००० ला या, वरच्याला सांगितलं ५,००० ला या. शेवटी फरक १,००० च राहणार, कागदावर काही चूक दिसत नाही. पण खालचा पायलट आरामात ७०० फूट प्रति मिनिट उतरतोय, त्याला घाई नाही, आणि वरच्याला उशीर झालाय म्हणून तो २,००० ने सुटलाय. एका मिनिटाने खालचा ६,३०० वर आणि वरचा ६,००० वर. म्हणजे नुसता फरक संपला नाही, वरचा खालून निघून गेला! असं काही करायचं तर खालच्याने सोडलेली उंचीच वरच्याला एकेक पायरी करून द्यायची, नाहीतर दोघांनाही उतरायचा दर बांधून द्यायचा. कंटाळवाणं काम आहे, बोलणं वाढतं, आणि फ्रिक्वेन्सीवर आधीच बारा जण असले की नेमका हाच शॉर्टकट मारावासा वाटतो.

मग अल्टिमीटर, म्हणजे हवेच्या दाबावरून उंची दाखवणारं यंत्र. खाली येताना ठराविक लेव्हलला पायलट १०१३ हेक्टोपास्कलचं स्टँडर्ड सेटिंग काढून त्या विमानतळाचं प्रेशर घालतो. एका हेक्टोपास्कलला साधारण २७-२८ फूट. खरं प्रेशर ९९३ आहे आणि त्याने १००३ ऐकलं आणि घातलं तर तो आपल्याला वाटतं त्यापेक्षा पावणेतीनशे फूट खाली उडतोय आणि त्याच्या समोरच्या सगळ्या सुया बरोबर दाखवतायत. म्हणून प्रेशर वाचून दाखवणं सक्तीचं आहे आणि कंट्रोलरने लेबलवरच्या उंचीकडे बघणंही.

आणि उंची मोडणं. १०,००० ऐकलं का ११,००० हा इंग्रजी रेडिओवरचा जुनाच घोळ, म्हणून तर 'वन झिरो' आणि 'वन वन' असे आकडे सुटे म्हणायचे. यातली सगळ्यात भयंकर गोष्ट आपल्याकडेच झालीय, १२ नोव्हेंबर १९९६ ची चरखी दादरी. दिल्लीला उतरायला येणारं कझाक आयएल-७६ आणि दिल्लीहून निघालेलं सौदीचं बोइंग ७४७, एकाच मार्गावर समोरासमोर. उतरणाऱ्याला १५,००० फुटांपर्यंतच यायचं होतं, चढणारं १४,००० वर थांबलेलं. उतरणारं १५,००० च्या खाली गेलं. ३४९ माणसं गेली. कंट्रोलरने समोरून विमान येतंय हे मैलांसकट सांगितलं होतं, पण त्याच्याकडे तेव्हा प्रायमरी रडार होतं, ज्यात नुसता ठिपका दिसतो, उंची दिसतच नाही. उंची पायलट सांगेल तीच. आणि त्या विमानात रेडिओवर बोलणाऱ्या माणसासमोर स्वतःचं अल्टिमीटर नव्हतं, त्याला पायलटच्या खांद्यावरून डोकावून बघावं लागायचं. एक थर नियमाचा, एक रडारचा, एक कॉकपिटचा, तिन्ही पातळ. त्यानंतर दिल्लीचे येण्या-जाण्याचे मार्ग वेगळे केले आणि विमानात टीकॅस, म्हणजे धडक टाळणारी यंत्रणा, सक्तीचं झालं.

त्याच्याही खूप आधी, १६ डिसेंबर १९६० ला न्यूयॉर्कवर दोन विमानं धडकली, दोन्ही उतरायच्या तयारीत, फक्त वेगवेगळ्या विमानतळांना. एकाला होल्डिंगच्या पॉइंटवर घिरट्या घालत थांबायचं होतं, ते जोरात तो पॉइंट ओलांडून पुढे दुसऱ्याच्या हद्दीत गेलं. त्यांचा एक नॅव्हिगेशन रिसीव्हर बंद होता आणि हे कंट्रोलरला कळवलेलंच नव्हतं, वर त्यांचा मार्ग मधेच छोटा करून दिलेला. १३४ लोक मेले, त्यातले ६ जमिनीवरचे. मला यातला मार्ग छोटा करण्याचा भाग कायम लक्षात राहतो, कारण आम्ही तो दिवसातून कितीतरी वेळा उपकार म्हणून करतो. शॉर्टकट दिला की पायलट थँक्यू म्हणतो, पण त्याचं उतरायचं गणित, वेगाचं गणित सगळं एकदम मागे पडतं.

रेडिओबद्दल थोडक्यात. एका वेळी एकच जण बोलू शकतो, दोघं बोलले की किर्रर्र आवाज येतो आणि दोघांचंही जातं. ३५४ आणि ५३४ असे कॉलसाइन (रेडिओवरची विमानांची नावं) एका फ्रिक्वेन्सीवर आले की एकाची सूचना दुसरा उचलतो. रीडबॅक, म्हणजे पायलटने परत म्हटलेली सूचना, ऐकताना कंट्रोलरला जे ऐकायचं असतं तेच ऐकू येतं, हा मेंदूचा स्वभाव आहे, कितीही ट्रेनिंग द्या. त्यात लक्ष पुढच्या विमानाकडे गेलेलं असतं.

समांतर धावपट्ट्यांवर एकाच वेळी उतरवतात तिथे आणखी एक भानगड. दोन्ही विमानं आपापल्या लोकलायझरवर, म्हणजे धावपट्टीच्या मधल्या रेषेवर, बसेपर्यंत त्यांच्यात १,००० फूट किंवा ३ मैल ठेवायचे. म्हणून एकाला ४,००० वर वळवायचं आणि दुसऱ्याला ३,००० वर. एकदा दोघं रेषेवर बसले की मग उंची सोडली तरी चालते, मधे एक पट्टा असतो ज्यात कुणी घुसायचं नाही. गोची होते ती वळण्यात. कोन जास्त दिला, वेग जास्त राहिला किंवा मागून वारा आला की विमान रेषा ओलांडून शेजारच्या बाजूला जातं, आणि तेव्हाच वरच्याने उंची सोडलेली असली की संपलं. अशा केसमध्ये मी आधी वळताना वेग किती होता ते बघतो.

'तुम्हाला समोरचं विमान दिसतंय का' हा प्रकार वेगळाच. पायलट दिसतंय म्हणाला की कित्येक ठिकाणी अंतर ठेवायची जबाबदारी त्याच्याकडे जाते आणि ३ मैलांचा नियम बाजूला राहतो. ट्रॅफिक भराभर सरकतं म्हणून सगळ्यांना आवडतं. माझं मत विचाराल तर रात्री, दिव्यांच्या गर्दीत, ही सोय महागात पडू शकते, कारण त्याला दिसलेलं विमान तेच आहे का हे तपासायला कुणाकडेच काही नसतं. २५ सप्टेंबर १९७८, सॅन दिएगो, उतरायला चाललेल्या बोइंग ७२७ ने छोटं सेसना दिसलं म्हणून सांगितलं, मग ते नजरेआड झालं आणि हे कंट्रोलरला नीट कळलं नाही. १४४ लोक गेले. तिथे अप्रोचच्या रडारवर धडकेचा अलार्म वाजला होता, पण पायलटला ते दिसतंय असंच सगळे धरून बसले होते. आणि २९ जानेवारी २०२५ ला वॉशिंग्टनला उतरणारं जेट आणि लष्करी हेलिकॉप्टर, ६७ माणसं, तिथेही रात्र आणि तिथेही हेलिकॉप्टरने दिसतंय म्हणून नजरेवरचं सेपरेशन घेतलेलं.

मग विमानातली ती यंत्रणा, टीकॅस, काय करते? ती समोरच्या विमानाच्या ट्रान्सपॉन्डरशी (आपली उंची वगैरे आपोआप कळवणाऱ्या यंत्राशी) थेट बोलते, कंट्रोलरचा संबंध नाही. आधी 'ट्रॅफिक, ट्रॅफिक', आणि मग धडकेच्या अंदाजे १५ ते ३५ सेकंद आधी सरळ हुकूम, चढा किंवा उतरा, दोन विमानांना उलटसुलट. तो आला की पायलटने कंट्रोलरचं ऐकायचं नाही आणि कंट्रोलरने त्याला उंचीचं काही सांगायचं नाही. हे इतकं ठाम का, तर १ जुलै २००२ चं उबरलिंगेन. टीकॅस टीयू-१५४ ला चढ म्हणत होतं, कंट्रोलर उतर म्हणत होता, समोरच्या बोइंग ७५७ ला टीकॅसने उतर सांगितलं होतं. दोघंही उतरले. ७१ लोक. त्या रात्री कंट्रोलर दोन पोझिशन एकटा सांभाळत होता, त्याची अलार्म यंत्रणा देखभालीमुळे अर्धवट चालू होती आणि फोन लाइनही बंद होत्या.

पण टीकॅस म्हणजे दुसरा कंट्रोलर नाही. ते वळायला सांगत नाही, फक्त वर-खाली. आणि जमिनीपासून साधारण १,००० फुटांच्या खाली ते हुकूम देतच नाही, नाहीतर खाली जा म्हणून जमिनीतच पाठवायचं. वॉशिंग्टनच्या जेटला म्हणूनच फक्त 'ट्रॅफिक, ट्रॅफिक' मिळालं. म्हणजे जिथे विमानांची सगळ्यात जास्त दाटी, त्या शेवटच्या टप्प्यात ते जवळजवळ गप्प असतं. शिवाय ते उगाचही ओरडतं. तुम्ही ६,००० वर थांबणार आहात हे त्याला माहीत नसतं, तुम्ही २,५०० च्या दराने खाली येताय आणि ५,००० वर कुणीतरी आहे एवढंच दिसतं. म्हणून शेवटच्या १,००० फुटांत दर १,५०० च्या आत आणा असं पायलटना सांगितलेलं असतं, आणि घाईत तेच राहून जातं.

घाबरायचं किती? अगदी शेवटपर्यंत जाणाऱ्या केसेस फार विरळ असतात, बहुतेक २.८ मैलवाल्याच. पण टीकॅसच्या हुकमावर किंवा घाईघाईत विमान खाली-वर केलं की आत मात्र जोरात जाणवू शकतं. ३१ जानेवारी २००१ ला जपानमध्ये शिकाऊ कंट्रोलरने दोन कॉलसाइनची अदलाबदल केली, विमानं धडकली नाहीत, पण ऐनवेळी एकाला इतकं झपकन खाली न्यावं लागलं की आतले शंभरएक लोक जखमी झाले. पट्ट्याचा दिवा बंद असला तरी बसल्या जागी पट्टा लावून ठेवा. आणि उतरता उतरता विमान परत वर गेलं तर वैतागू नका, बऱ्याचदा पुढच्याशी गॅप कमी पडतेय हे कुणीतरी वेळेत बघितलेलं असतं, दहा-पंधरा मिनिटं जास्त लागतील तेवढंच.